मुलगी चित्रं काढताना गोष्ट सांगते, पण लिहायला बसवलं की दोन ओळींत संपवते. काय करावं?

कर्नाटकच्या सीमाभागातल्या निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी सात वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीला. घरी मराठी, गल्लीत खेळायला कन्नड बोलणारी पोरं. दिवसभर कागद घेऊन बसते आणि काढता काढता स्वतःशीच बडबडत असते. ‘आता हीच गोष्ट लिहून दाखव’ म्हटलं की मात्र ‘हे घर आहे. हे झाड आहे. हा सूर्य आहे’ एवढं लिहून वही मिटते. चित्रही बऱ्याचदा तेच असतं: दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. तर मुलीची कल्पनाशक्ती कमी पडते का, तिला कुठल्या भाषेत लिहायला लावावं आणि चित्रकलेचा क्लास लावावा का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत पहिली ते तिसरीच्या मुलांना बरीच वर्षं शिकवते आहे. वर्ग मिश्र, मुलं शेतकऱ्यांची, काही वीटभट्टीवर कामाला आलेल्यांची. तुमच्या घरची परिस्थिती वेगळी आहे, म्हणून मी सांगते ते सगळं जसंच्या तसं लागू होईल असं नाही. एकट्या मुलीजवळ बसायला तुम्हाला किती वेळ मिळतो, तिचा हात लिहायला कितपत बसलाय, तिला बोलायला आवडतं की गप्प राहून काढायला, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

ताई, ती काढताना बडबडते असं तुम्हीच लिहिलंय. तिची गोष्ट त्या बडबडीत आहे. चित्र संपेपर्यंत ती गोष्ट बोलून संपलेली असते, आणि आपण नेमके त्यानंतर वही पुढे करतो. तिच्या दृष्टीने काम झालेलं असतं. आता समोर जे उरलंय त्याला ती नावं देते: घर, झाड, सूर्य. शिवाय शाळेतल्या पुस्तकात ‘चित्र बघा, नावं सांगा’ हेच तिनं वर्षभर केलेलं असतं. चित्राखाली लिहायचं म्हणजे असंच लिहायचं, अशी तिची समजूत झाली तर तिला दोष देता येत नाही.

दुसरी अडचण हाताची. सात वर्षांच्या मुलाचं तोंड पळतं आणि हात रांगतो. ‘मग तो गवा शेतात शिरला’ हे म्हणायला दोन सेकंद लागतात. लिहायला घेतलं की ‘व’ला काना कुठे, ‘श’ला मात्रा किती, ‘त्र’ की ‘त’, यातच सगळं लक्ष जातं आणि तिसऱ्या शब्दापर्यंत गवा पळून गेलेला असतो. अशा वेळी शहाणं मूल काय करतं? जे नक्की लिहिता येतं तेवढंच लिहितं. ‘हे घर आहे’ हे वाक्य त्यातून येतं. कल्पनाशक्ती कमी असल्याची ती खूण मुळीच नाही.

आता डोंगर-सूर्य-झोपडीबद्दल. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, ते आजही आम्हा शिक्षकांना उपयोगी पडतात. त्यांच्या मते साधारण सात ते नऊ या वयात प्रत्येक मुलाची घर, माणूस, झाड काढण्याची एक ठरलेली रीत बसते. खाली जमिनीची एक रेघ येते आणि सगळं त्या रेघेवर उभं राहतं. त्यामुळे तेच तेच काढणं या वयात साहजिक आहे. बघायचं असतं ते मूल आपली ठरलेली रीत कुठे मोडतं. जिथं काही मोठं होतं, काही गळतं, काही विचित्र ठिकाणी जातं, तिथं त्याला काहीतरी सांगायचं असतं.

एक उदाहरण देते. जंगलाच्या कडेच्या गावातला दुसरीतला एक मुलगा. भात पोटरीला आलं की आमच्या भागात गवे शेतात उतरतात आणि माणसं रात्री माळ्यावर राखणीला जातात. त्यानं काढलेल्या चित्रात आज्जा करंगळीएवढा होता आणि आज्जाच्या हातातला पत्र्याचा डबा आज्जाच्या दुप्पट. गव्याच्या पोटात हिरव्या रेघाच रेघा, म्हणजे पोट पारदर्शक आणि आतलं खाल्लेलं भात दिसतंय. कुत्रं आभाळात. कुणी म्हणेल, प्रमाण चुकलं, कुत्र्याला खाली आण. मी विचारलं, ‘इथं काय चाललंय?’ त्यानं जे सांगितलं ते मी बाजूच्या कागदावर उतरवलं:

‘गवा आलता. आज्जा झोपलता. कुत्रं वरच्या बांधावरनं भुकलं. आज्जानं डबा लई बडवला. गवा म्हणाला, मला भूक लागलीया की. आज्जा म्हणाला, मग आम्ही काय खाऊ? गवा म्हणाला, थोडं मी खातो, थोडं तुम्ही खावा. आज्जानं परत डबा बडवला.’

डबा मोठा, कारण रात्रभर तोच ऐकू येत होता. कुत्रं आभाळात, कारण वरचा बांध कागदावर वरच येणार. पोटातलं भात दिसतं, कारण सगळं भांडणच त्या भातावरून आहे. मी ‘हा गवा का?’ असं विचारलं असतं तर ‘हो’ एवढंच उत्तर आलं असतं. ‘काय आहे’ विचारलं की नाव मिळतं, ‘काय चाललंय’ आणि ‘मग?’ विचारलं की गोष्ट मिळते. माझ्या सगळ्या उत्तरातलं एकच घ्यायचं असेल तर हे घ्या.

म्हणजे करायचं कसं? ती काढायला बसली की जवळ बसा, भाजी निवडत बसलात तरी चालेल. पहिली काही मिनिटं काही विचारू नका. ती बडबडते ते ऐका. मधे थांबली, तुमच्याकडे बघितलं, तर ‘मग?’ एवढंच म्हणा. ‘छान काढलंयस’ सारखं म्हणू नका. छान कशाला म्हणतात हे मुलांना लगेच कळतं आणि मग ती तेच काढत राहतात. दोन डोंगर आणि सूर्य हे चित्र मुलांच्या बोटांत असंच मुरलेलं आहे. पाहुण्यांपुढे, वर्गात, स्पर्धेत त्याला हमखास शाबासकी मिळते.

चित्र संपत आलं की, संपायच्या आधी, तुम्ही पेन घ्या आणि म्हणा, ‘सांग, मी लिहिते.’ ती जे बोलेल ते तसंच लिहा. ‘आलता’ म्हणाली तर ‘आला होता’ करू नका. वाक्य अर्धं सोडलं तर अर्धंच ठेवा. पाच-सहा वाक्यं पुरे, त्याहून जास्त झालं की दोघीही कंटाळता. मग अक्षरांखालून बोट फिरवत तिला वाचून दाखवा. इथं एक गंमत होते: मूल आपलंच बोलणं कागदावरून ऐकतं आणि लगेच दुरुस्त्या सांगायला लागतं. ‘नाही, आधी कुत्रं भुकलं.’ ‘तिथं अंधार होता असं लिही.’ लेखक कच्चा खर्डा पुन्हा लिहितो तेव्हा जे करतो, तेच हे. फक्त हात तुमचा आहे.

हाच कागद तिचं वाचनाचं पुस्तक. तिचे स्वतःचे शब्द असल्यामुळे तिला ते आधीच पाठ असतात, म्हणून वाचायला जमतात. दोन-चार दिवसांनी तोच कागद काढून दिलात तर ती तो बोट ठेवून वाचेल, अडेल, पुढे जाईल. शाळेच्या पुस्तकातल्या अनोळखी वाक्यापेक्षा हे सोपं जातं, हे मी वर्गात सतत बघते.

हे नीट रुळलं, की लेखणी हळूहळू तिच्या हातात द्यायची. सुरुवात संवादाच्या फुग्यापासून करा. चित्रातला गवा काय म्हणाला, तेवढंच तिनं फुग्यात लिहायचं, बाकीचं तुम्ही. फुग्यात दोन-तीन शब्द मावतात आणि बोललेलं लिहिणं सोपं असतं. ‘भूक लागली’ असं लिहायला कुठल्याही दुसरीतल्या मुलाचा हात पुरतो. पुढे गोष्टीतलं शेवटचं वाक्य तिचं. मग पहिलं आणि शेवटचं. घाई नको. काही मुलं महिनाभरात पूर्ण गोष्ट लिहायला लागतात, काही तिसरीच्या मध्यापर्यंत फुग्यांवरच रमतात. दोन्ही ठीक.

शुद्धलेखनाचं काय? गोष्टीच्या कागदावर लाल पेन अजिबात नको. ऱ्हस्व-दीर्घ, ‘ण’-‘न’, ‘ळ’-‘ल’ हे सगळं चुकणार. मुलं ऐकतात तसं लिहितात, आणि ऐकून नेमकं तसं लिहिणं हेच या वयातलं खरं काम आहे. चुकांतली एखादीच निवडा आणि ती वेगळ्या वेळी, वेगळ्या पाटीवर घ्या. कागदावर तुम्ही स्वतः लिहिता तिथं शब्द तिचेच ठेवा, पण ऱ्हस्व-दीर्घ बरोबर लिहा, म्हणजे तिच्या नजरेखालून बरोबर रूप जात राहील.

इतकं सांगून झाल्यावर आमच्या मुलांची एक हमखास अडचण सांगते, ती तुमच्याकडेही येईल. ‘एक होता राजा. तो खूप चांगला होता. त्याला एक राणी होती.’ आणि पुढे काही नाही. ओळख करून देण्यात सगळी हवा जाते. यावर मी एका कागदाला दोन घड्या घालून चार चौकटी करते आणि म्हणते, तिसरी चौकट आधी काढा. तिसऱ्या चौकटीत गडबड: काहीतरी पडतं, हरवतं, फुटतं, कुणीतरी येतं. गडबड काढून झाली की विचारायचं, याच्या आधी काय झालं होतं? ती दुसरी चौकट. त्याच्याही आधीचं पहिलीत. शेवट सर्वात शेवटी, आणि सुचला नाही तर चौथी चौकट कोरी. कोरी चौकट भिंतीला लावून ठेवली की दोन दिवसांत मूल स्वतःहून येऊन भरतं. न भरली तरी बिघडत नाही.

एका चौकटीत एकच प्रसंग, ही रीत काही नवी नाही. बेळगावहून आंबोली घाट उतरून कुडाळकडे गेलं की पिंगुळी लागतं. तिथले ठाकर समाजातले चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतात आणि गात गात कथा सांगतात. चित्र स्वतः पूर्ण कथा सांगत नाही, सांगणारा त्याच्याभोवती सांगतो. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. जमलं तर सुट्टीत मुलीला घेऊन जा. चित्र उलटलं की पुढे काय येणार, ही उत्सुकता तिला तिथं प्रत्यक्ष कळेल. घरी पाठकोऱ्या कागदांची चार-पाच चित्रं करून तीही तुम्हाला तशी सांगू शकते. आजी श्रोता असेल तर आणखी बरं, आज्या मधे मधे ‘अगंबाई, मग गं?’ म्हणतात आणि गोष्ट वाढते.

डोंगर-सूर्य मोडायचा असेल तर ‘हे काढू नकोस’ म्हणून मोडत नाही. कागदाचा आकार बदला. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे आतले कागद, कॅलेंडरची मागची बाजू, छापखान्यातून मिळणाऱ्या लांब पट्ट्या असतात. उभ्या अरुंद पट्टीवर दोन डोंगर बसतच नाहीत. तिथं विहीर येते, माड येतो, जिना येतो. आडव्या लांब पट्टीवर बहुतेक मुलं रेल्वे काढतात, आमच्याकडे लोंढा जंक्शनची गाडी सगळ्यांनाच ठाऊक. गाडी काढली की डबे आले, आणि डबे आले की आत कोण बसलंय हे सांगणं आलंच. झोपडीच काढली असेल तर विचारा, ‘आत्ता आत कोण आहे? दार का लावलंय?’ माझ्या वर्गातल्या एकीनं उत्तर दिलं होतं, ‘आत म्हस व्यालीया, बाहेरच्यांनी यायचं नाही.’ एवढं सांगून झाल्यावर झोपडी साधी राहिली नाही, खिडकीतून कंदील आला.

दिवाळीतला किल्ला विसरू नका. आपल्या भागातली पोरं माती कालवून, दगड रचून किल्ले करतात, कुंभाराकडचे मावळे आणून मांडतात, आळीव पेरतात. मुलांसाठी ही गोष्टीची तयार जागा आहे. ‘रात्री दिंडी दरवाजा लावला, आणि एक जण बाहेरच राहिला. कोण? आता काय करणार?’ असं एकदा विचारा आणि बाजूला व्हा. चित्र काढायला न आवडणारी मुलंही इथं बोलायला लागतात. नंतर किल्ल्याचा नकाशा कागदावर काढायला सांगितला की हात आपोआप चालतो.

गोष्ट संपल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारायची आपल्याकडे फार सवय आहे. तो मोह आवरा. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, पुढे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ते काम मराठी मुलांपर्यंत आणलं. गोष्ट आनंदासाठी सांगायची हे या मंडळींनी इतक्या पूर्वी सांगूनही आपण तात्पर्य मागणं सोडलेलं नाही. गव्यानं भात खाल्लं, आज्जानं डबा बडवला. संपलं.

आतापर्यंतचं थोडक्यात: बडबड ऐका, ‘काय चाललंय’ विचारा, तिचे शब्द तसेच उतरवा, वाचून दाखवा, फुग्यापासून लेखणी तिच्याकडे द्या. आता भाषेचा प्रश्न.

तुमची मुलगी इंग्रजी शाळेत आहे, आणि कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यामुळे राज्यातल्या शाळांत कन्नड शिकवावंच लागतं. म्हणजे शाळेत तिला लिहायला मिळतात ती इंग्रजी आणि कन्नड अक्षरं, आणि गोष्टी आहेत त्या मराठीत. सीमाभागातल्या कितीतरी घरांत सध्या हेच चाललंय. यावर लोक दोन टोकांची मतं देतात. एक म्हणतात, शाळेची भाषा आहे तीच पक्की करा. दुसरे म्हणतात, घरात इंग्रजीचा शब्द नको. लहान मुलाच्या गोष्टीपुरतं बोलायचं तर मला दोन्ही पटत नाहीत. ज्या भाषेत ती चित्र काढताना बडबडते, त्या भाषेत तुम्ही उतरवून घ्या. ती मराठी असेल, आणि त्यात ‘अज्जी’, ‘बस’, ‘टीचर’ मिसळलेलं असेल. गल्लीतल्या कन्नड मैत्रिणीला बोलताना दाखवायचं असेल तर ती कन्नडच बोलेल, ‘बा इल्ली’ (इकडे ये) म्हणेल. तेही तसंच लिहा. गोष्ट कशी उभी करायची हे एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा शिकावं लागत नाही, फक्त शब्द मिळवावे लागतात. शाळेत इंग्रजीत निबंध लिहायची वेळ येईल तेव्हा ‘आधी काय, गडबड काय, मग काय’ हे तिच्याकडे तयार असेल.

मराठी अक्षरं घरी पक्की करायची असतील तर या गोष्टींच्या कागदांवरूनच करा, वेगळी बाराखडी घोटायला बसवू नका. कन्नड आधी शिकलेल्या मुलांच्या दोन चुका ठरलेल्या असतात, त्या बघून घाबरू नका. एक म्हणजे पहिली वेलांटी. देवनागरीत ती अक्षराच्या आधी काढायची आणि मागाहून उच्चारायची, हे त्यांना पटत नाही, म्हणून ती उजवीकडे जाते. दुसरी म्हणजे ‘घर’सारख्या शब्दात शेवटच्या ‘र’चा पाय मोडणं. कन्नडमध्ये अक्षर पूर्ण असेल तर स्वर पूर्ण उच्चारायचा असतो, म्हणून मूल आपल्या परीनं नियमच पाळत असतं. वाचन वाढलं की दोन्ही जातात.

क्लासबद्दल माझं मत थोडं कडक आहे. या वयाच्या मुलांसाठी चालणारे जे क्लास मी पाहिलेत, त्यांत बहुतेक ठिकाणी सर फळ्यावर काढतात आणि मुलं बघून काढतात, बाहेर न जाता रंग भरतात. त्यातून नीटनेटकं चित्र येतं, पालक खूश होतात, आणि मुलीच्या दोन डोंगरांना आणखी दोन डोंगर जोडले जातात. तेवढ्या पैशांत तेलखडू, जाड पेन्सिली आणि भरपूर कागद आणा. एखाद्या क्लासमध्ये मुलांना मोकळं काढू देतात आणि त्यांच्याशी चित्राबद्दल बोलतात, असं तुम्ही स्वतः बसून पाहिलंत तर गोष्ट वेगळी.

शेवटी, कशाची काळजी करायची तेही सांगते, कारण सगळंच ‘येईल आपोआप’ म्हणून सोडणंही बरं नव्हे. इंग्रजीतला ‘बी’ आणि ‘डी’ उलटा होणं सातव्या वर्षी पुष्कळ मुलांत दिसतं. पण ती कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. काल शाळेत काय झालं हे तोंडीसुद्धा क्रमानं सांगता येत नसेल, किंवा तिसरी संपत आली तरी ओळखीचे शब्दही वाचता येत नसतील, तर शाळेतल्या बाईंशी बोला आणि कान तपासण्यापासून सुरुवात करा. तुमच्या पत्रावरून तरी यातलं काही दिसत नाही. जी मुलगी चित्र काढताना न थांबता बोलते, तिच्या बाबतीत सध्या तरी पेन तुमच्या हातात असलेलं बरं.